मृणालताई आणि आमचं 'चलता'

ड्रेपरीच्या धंद्यात एक गोष्ट हमखास होते. नाटक संपतं, पेटारे परत येतात, कपडे धुऊन घड्या घालून ठेवतो, आणि तरी पेटाऱ्याच्या तळाशी सेफ्टी पिना साठतच राहतात. कुठल्या नाटकाची कुठली, देव जाणे! आमच्याकडे शूट झालेल्या एका टीव्ही मालिकेच्या किश्शांचं माझ्याकडे तसंच झालंय. मालिका कधीच संपली, सेट मोडला, मुंबईची मंडळी मुंबईला गेली. पण पेडण्याच्या बाजारात चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "त्या शिरियलीतली एक काढ मरे!" मग मी काढतो. एक काढली की तिला अडकून दुसरी येते.

आधी धंद्याचं सांगतो. गोव्यात देवळाच्या उत्सवाला गावची माणसं नाटक करतात, आणि ते बहुतेक करून ऐतिहासिक. त्यांना मुकुट, तलवारी, अंगरखे, दाढ्यामिशा भाड्याने देणारं आमचं ड्रेपरीचं दुकान, वडिलांपासूनचं. ह्या धंद्याचा मंत्र एकच, "चलता!" सरदाराच्या पायात कॅनव्हासचे बूट? चलता! राणीची नथ भर प्रवेशात गळून पडली? चलता मरे, लोक नाटक बघायला आलेत, नथ बघायला नव्हे!

अशा माझ्या दुकानात एके दिवशी पुण्याच्या मृणालताई आल्या. टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकेचे कपडे करणाऱ्या. नाकावर चष्मा, गळ्यात मेजरिंग टेप, आणि तोंडात दोनच शब्द, "नाही चालणार!"

*

मी माझा सगळ्यात भारी माल काढला. जांभळ्या मखमलीचा अंगरखा, त्यावर जरीची वेलबुट्टी. ताईंनी तो हातात घेतला, उलटा केला, शिवण बघितली.

"हा कुणाचा?"

"महाराजांचा."

"कुठल्या महाराजांचा?"

"सगळ्यांचा!" मी अभिमानाने सांगितलं. खोटं काय होतं त्यात? शनिवारी तो मराठ्यांच्या राजाने घालायचा, रविवारी दिल्लीच्या बादशहाने, आणि सोमवारी दशावतारात रावणाने. तिघांनाही बसत होता.

ताई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "हा अंगरखा माझ्या सेटवर नाही चालणार. पण तीन राजांना एक अंगरखा बसवणारा माणूस मला पाहिजे. उद्यापासून या."

असा मी त्यांचा असिस्टंट झालो. मालिकेची गोष्ट फिरंग्यांच्या काळातली होती, सरहद्दीवरच्या एका लहानशा संस्थानाची. संस्थान खोटं, राजा खोटा, लढाईही खोटी. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, सगळंच लेखकाने बनवलंय, मग बटणं खरी कशाला?"

त्या म्हणाल्या, "गोष्ट खोटी आहे ना, म्हणून कपडे तरी खरे हवेत."

मी ह्यावर बराच विचार केला. अजून करतो.

*

दरबारातल्या आणि पाणवठ्यावरच्या बायका म्हणून आसपासच्या गावांतून माणसं घ्यायची ठरली. टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर काय! ठरल्या दिवशी बायकांचा ताफाच आला. ताई एकेकीचा चेहरा बघत चालल्या आणि मध्येच थबकल्या. सगळ्यांच्या भुवया धनुष्यासारख्या कोरलेल्या! सगळ्या जणी आदल्या दिवशी डिचोलीला पार्लरात जाऊन आल्या होत्या.

"अहो, त्या काळात कुणी थ्रेडिंग करत नव्हतं!" ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

त्यातली एक शांतपणे म्हणाली, "तेवां टीव्ही खंय होतो बाये? आसतो तर केलीच आसती!"

सगळ्यांच्या डोक्यावर हंडे देऊन त्यांना कॅमेऱ्याकडे पाठ करून चालवायचं ठरलं.

एवढ्यात फाटकातून एक बाई डबा घेऊन आली. कुंदाबाई गावस. आमचे कपड्यांचे पेटारे वाहणाऱ्या ट्रकवाल्या भाऊ गावसाची बायको. भाऊ डबा विसरून आला होता. ती शेतातून थेट आली होती, पायाला चिखल, कपाळावर आडवं मोठं कुंकू, आणि भुवया देवाने दिल्या तशाच. ताईंनी तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिल्या.

"ह्या आईसाहेब," त्या म्हणाल्या. म्हणजे राजाची राणी, युवराजाची आई. मालिकेतली सगळ्यात मोठी बाईची भूमिका!

मी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, की तुमची नजर चुकलेली नाही. कुंदाबाईचं माहेर शिरगावच्या बाजूला. मुलगी असताना उत्सवाच्या नाटकात ती उभी राहिली की माणसं विड्या विझवत. तिचे राणीचे कपडे आमच्याच दुकानातून जात. भाऊने तिला पहिल्यांदा बघितलं ते त्याच वेषात, आणि मागणी घातली. लग्न झालं, सासूला नाटक पसंत नव्हतं, मग मुलं झाली, आणि ते राहूनच गेलं. आता ती पन्नाशीला आली होती. तोंडाला रंग लावायची अशी संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती. हे तिलाही कळत होतं आणि भाऊलाही.

चॅनलच्या साहेबाला मात्र मुंबईची एक नावाजलेली, गोरीपान नटी हवी होती. तो म्हणाला, "ठीक आहे, बघू. पण जमलं नाही तर त्या मॅडमना मी लगेच बोलावणार."

ही टांगती तलवार घेऊन बिचारी कुंदाबाई कामाला लागली.

*

भाऊच्या ट्रकचं सांगायलाच हवं. मायनी, म्हणजे खाणी, चालू होत्या तेव्हा तो डिचोलीचं खनिज वाहायचा. मायनी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. त्या काळात आमच्याकडे घराघरापुढे असे ट्रक उभे होते. मी ताईंना सांगून भाऊचा ट्रक पेटारे वाहायला लावला.

भाऊने ट्रक तीनदा धुतला. पण खनिजाची तांबडी धूळ धुतल्याने थोडीच जाते! पहिल्याच खेपेला दरबाराचे पांढरे कपडे उतरवले तर सगळ्यांचे घेर आणि बाह्यांच्या कडा तांबूस झालेल्या. चॅनलचा साहेब ओरडला, "हू इज रिस्पॉन्सिबल?" भाऊ मान खाली घालून उभा.

ताईंनी एक अंगरखा उचलून उजेडात धरला. हळूच झटकला. पुन्हा बघितला.

"ह्या मातीतून रोज चालणाऱ्या माणसाचा कपडा असाच दिसणार," त्या म्हणाल्या. "पुण्यात चहाचं पाणी लावून लावून मला हा रंग येत नव्हता. भाऊ, उरलेले पेटारे झाकणं उघडी ठेवून आणा!"

भाऊने त्या दिवशी ट्रकला हार घातला.

*

फिरंगी कप्तान कुठून आणायचा हा प्रश्न मात्र पेडण्यात कठीण नव्हता. किनाऱ्यावर गेलो आणि समोर जो उंच गोरा दिसला त्याला विचारलं. तो लगेच तयार झाला. माणूस गोड, पण अंगभर गोंदण! हातावर मासे, पोटऱ्यांवर वेली आणि मानेवर हा एवढा मोठा ॐ.

ताईंनी शांतपणे त्याला लांब बाह्या, लांब मोजे आणि गळ्याला उंच कॉलर शिवली. "फिरंगी कॉलर घालतच होते," त्या म्हणाल्या. "इतिहास आपल्या बाजूने आहे."

सगळं झाकलं गेलं. पण शेवटच्या लढाईत कप्तान मरून पडायचा होता. गडी इतका जीव ओतून मेला की कॉलरचे बंद तुटले आणि मान उघडी पडली. शूटिंग बघायला आलेल्या गर्दीला तो ॐ दिसला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "मरताना तरी देव आठवलो रे बाबाक!"

तो शॉट पुन्हा घ्यावा लागला. ताईंनी कॉलर स्वतःच्या हाताने दुहेरी टाक्याने शिवली. मग एका शिपायाच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा दिसला, तर त्यांनी पुन्हा अख्खी लढाई थांबवली.

*

दरबाराचा प्रसंग. दिवाण म्हणून आमच्याच गावचे बाप्पा. भारदस्त आवाज, पांढऱ्या मिशा. बाप्पांची खरी ख्याती गाऱ्हाण्याची. आमच्याकडे देवळात एक जण सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे मागणं मागत जातो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" वर्षानुवर्षं हे गाऱ्हाणं बाप्पा घालत आलेले. दरबारी म्हणून बसलेली माणसंही त्याच देवळातली.

ॲक्शन झाली. बाप्पांनी हात जोडले आणि घनगंभीर आवाजात वाक्य सुरू केलं, "महाराज, रयतेवर संकट आलं आहे, तरी त्याचं निवारण व्हावं..."

"व्हय म्हाराजा!" अख्खा दरबार!

कट. दिग्दर्शकांनी समजावलं की तुम्ही गप्प बसायचं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुन्हा ॲक्शन. बाप्पांचा तोच आवाज, तीच लय.

"व्हय म्हाराजा!"

लोकांचा इलाजच नव्हता. बाप्पा मागतायत आणि आपण गप्प बसायचं, हे त्यांच्या जिभेला जमेना. राजा झालेला मुंबईचा नट तर तिसऱ्या वेळी हसून सिंहासनावरून घसरला.

दिग्दर्शक रडकुंडीला आले. "ताई, तुम्हीच सांगा, हे ऐतिहासिक आहे का?"

ताई म्हणाल्या, "ह्या मुलखात राजापुढे मागणं मागताना लोक दुसरं काय म्हणाले असतील? 'येस सर'? ठेवा ते."

पुढे त्या मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं काही असेल तर ते हेच!

*

आणि तो आरशाचा प्रसंग. त्याच दिवशी चॅनलचा साहेब कुंदाबाईचा निकाल लावायला आला होता. मोबाइलवर मुंबईच्या मॅडमचा नंबर काढूनच उभा होता.

प्रसंग असा, की कप्तान आईसाहेबांना विलायती आरसा नजर करतो आणि आईसाहेब तो घेत नाहीत. वाक्य एकच होतं, "आम्हाला ह्याची गरज नाही."

कुंदाबाईने आरसा हातात घेतला. त्यात बघितलं. कानामागून निसटलेली एक बट सावकाश सारखी केली. मग आरसा फिरवून त्याची काच कप्तानाच्या तोंडासमोर धरली, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आम्हाला ह्याची गरज नाही."

कप्तानाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्याने मान खाली घातली. साहेबाचा मोबाइल खिशात गेला.

"हिला ठेवा," तो म्हणाला. मग आपलं काहीतरी म्हणायलाच हवं म्हणून, "फक्त थोडं ग्लॅमर ॲड करा. मोठी नथ, टिकल्यांची साडी..."

"नाही चालणार!" ताई म्हणाल्या.

पण त्यांच्या आवाजात त्या दिवशी आनंद मावत नव्हता. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू!

*

आता शेवटची काढतो. ही मी रोज काढत नाही.

मालिकेत राजा लढाईत मरतो. आईसाहेब विधवा होतात. चॅनलच्या साहेबाने पांढरी शुभ्र साडी आणि मोत्यांची माळ सुचवली. ताई म्हणाल्या, "ती सिनेमातली विधवा. आपल्याला ह्या घरातली हवी." त्यांनी त्या काळी विधवा नेसत तसं जाडंभरडं तांबडं लुगडं काढलं. हात उघडे, गळा उघडा, कपाळ उघडं.

कुंदाबाईने लुगडं नेसलं. बांगड्या काढल्या. मेकअपवाला कुंकू पुसायला पुढे झाला आणि ती दोन पावलं मागे सरली.

"माझो घोव जितो आसा," ती म्हणाली. "मी कपाळ पुसूचंय नाय."

आमच्याकडे सवाष्ण बाई खोट्यानेही हे करत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यात थोड्याच दिवसांपूर्वी भाऊच्या छातीत कळ येऊन त्याला बांबोळीच्या इस्पितळात नेलं होतं. तो वाचला होता, पण कुंदाबाईच्या डोळ्यांतली भीती काही गेली नव्हती.

साहेब म्हणाला, "सिंपल आहे. टिकली ठेवा आणि पदर पुढे ओढा."

"कुंकू लावलेली विधवा नाही चालणार," ताई म्हणाल्या.

"मग मॅडमना बोलावतो. उद्या त्या दाबोळीला उतरतील. पुढचे सगळे भाग त्याच करतील."

"बाई बदललेली पण नाही चालणार."

"मग शॉट होणार कसा?"

ताई कुंदाबाईपाशी जाऊन बसल्या. "तुमच्या कपाळाला मी कुणाला हात लावू देणार नाही," एवढंच म्हणाल्या. साहेबाने फोन लावला. शूटिंग दुसऱ्या दिवसावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊला विचारलं, की विमानतळावर जायला एखादी गाडी मिळेल का. तो म्हणाला, "कोण येता?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, कुंदाबाईने घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. भाऊने ऐकून घेतलं आणि तो सरळ सेटवर गेला.

अंगणात राजाचं प्रेत ठेवायची तयारी चालली होती. मॅडम अजून यायच्या होत्या, आणि ताईंनी कुंदाबाईला तेच लुगडं नेसवून बसवलं होतं. राजा झालेल्या नटाच्या डेट्स संपून तो मुंबईला गेला होता, त्यामुळे चादरीखाली कुणाला तरी निजवायचं होतं.

"मी निजतंय," भाऊ म्हणाला.

कुंदाबाई किंचाळलीच. "तुमका याड लागला?"

"ऐक गो. मरणाची खोटी खबर इली की माणसाचा आयुष्य वाढता म्हणतत. हय तर अख्ख्या म्हाराष्ट्राक दाखवतले. बघ, माझा कितक्या वाढतला ता!"

सगळे हसले. ती हसली नाही. भाऊ तिच्यापाशी गेला, आवाज खाली आणला. मी जवळच पेटारा उघडत होतो म्हणून मला ऐकू आलं.

"तुका मी राणीच्या वेशातच बघलेलंय," तो म्हणाला. "मगे घरात हाडून बसयलंय. आता उठ. मी हयच आसंय, तुझ्या हाताखाली."

त्याने आपल्या अंगठ्याने तिचं कुंकू पुसलं. स्वतः! तिने मंगळसूत्र काढून त्याच्या मुठीत दिलं. तो तिरडीवर आडवा झाला. मी चादर घातली, तोंडावरून ओढली.

ॲक्शन.

कुंदाबाई आली. गुडघ्यावर बसली आणि चादरीवर, छातीच्या जागी, तळहात ठेवला. आणि मग तिने जो हंबरडा फोडला, तो मी अजून विसरलो नाही. दरबारी म्हणून उभी असलेली आमच्या गावची माणसं ढसाढसा रडायला लागली. बाप्पांनी तर फेटाच तोंडात कोंबला. तिचा हात मात्र छातीवरून हलला नाही.

तो हात वर जात होता आणि खाली येत होता. वर, खाली. मॉनिटरवर स्वच्छ दिसत होतं.

दिग्दर्शक ताईंच्या कानाशी वाकले. "ताई, मढं श्वास घेतंय!"

एका मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यासाठी अख्खी लढाई थांबवणारी ती बाई मॉनिटरवरून नजर न काढता, नाक ओढत म्हणाली,

"चलता मरे!"